टोपीच्या आतला शिक्का

आमच्या घरी पहिल्यांदाच येणारा पाहुणा चहा येईपर्यंत दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाकडे दोनदा तरी पाहतो. कपाटात पाच टोप्या आहेत. काळ्या चामड्याच्या, पुढे पितळेचा ठसठशीत बिल्ला आणि माथ्यावर भाल्याच्या फाळासारखे टोक. तिसऱ्यांदा पाहिले की प्रश्न येतोच, ‘ही हिटलरची टोपी का हो?’ आमच्या सौभाग्यवतींनी उत्तर पाठ केले आहे. ‘नाही, त्याच्या आधीच्यांची,’ असे सांगून त्या पोह्यांची बशी पुढे करतात.

उत्तर अगदी बरोबर आहे. ही टोपी प्रशियाच्या राजांची आणि नंतर जर्मन कैसरांची. हिटलर ज्या बव्हेरियन राखीव पायदळाच्या १६व्या रेजिमेंटमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला, तिला ऑक्टोबर १९१४ मध्ये आघाडीवर धाडताना पुरवायला या टोप्या शिल्लकच नव्हत्या. मेणकापडाच्या टोप्यांवर राखाडी कापड चढवून त्या पोरांना बेल्जियममध्ये पाठवले गेले आणि ईप्र गावाजवळच्या पहिल्याच लढाईत त्यांच्याच बाजूच्या सैनिकांनी त्यांना इंग्रज समजून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एका टोपीच्या असण्या-नसण्याने एवढे होऊ शकते!

(खरे तर ‘हेल्मेट’ किंवा ‘शिरस्त्राण’ म्हणायला हवे. पण पुण्यात हेल्मेट म्हटले की गप्पा सक्ती आणि दंडाकडे वळतात, आणि शिरस्त्राण म्हटले की नाटकातला शिवाजी आठवतो. म्हणून घरात आम्ही टोपीच म्हणतो.)

पाहुण्यांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड असतो. ‘पण हे जमवायचे कशाला?’ आता पुण्यात राहून जमवणाऱ्याला वेड्यात काढणे कोणाला शोभणार नाही. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे जमवण्यात आयुष्य घातले आणि आज आपण परगावच्या पाहुण्यांना अभिमानाने ते संग्रहालय दाखवतो. पण अडकित्त्याने सुपारी फुटते. ही टोपी घालून माणसे मारायला गेली आणि हीच टोपी घालून मेली. तेव्हा ‘कशाला’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘हौस’ एवढे उत्तर पुरत नाही.

या छंदात पडलेल्या मंडळींकडे दोन तयार उत्तरे असतात. एक वर्ग म्हणतो, ही क्रौर्याची खूण आहे, म्हणूनच जपायची. दुसरा वर्ग, आणि तोच मोठा, म्हणतो की ही निव्वळ कारागिरी आहे, राजकारणाचा इथे संबंध नाही. मला ही दोन्ही उत्तरे खटकतात. कारण दोन्ही देणाऱ्यांना टोपी उलटी करून आत पाहण्याची गरज उरत नाही.

मी नोकरीनिमित्त अकरा वर्षे हॅनोव्हरजवळ होतो. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात पहिली टोपी हातात घेतली तेव्हा तिचे अधिकृत नाव कळले, ‘हेल्म मिट श्पिट्झे’, म्हणजे सरळ मराठीत ‘टोकाची टोपी’. लोकांच्या तोंडी मात्र ‘पिकेलहाउबे’ हेच रुळले. हाउबे म्हणजे डोईचे आवरण. पिकेल म्हणजे कुदळीसारखे टोक. पण आजच्या बोलीत पिकेल म्हणजे तोंडावरचा मुरूमही होतो. त्यामुळे शाळकरी जर्मन मुले हा शब्द ऐकला की खुदकन हसतात.

प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने २३ ऑक्टोबर १८४२ रोजी हुकूम काढून ही टोपी आपल्या पायदळाला दिली. टोक कशासाठी, तर वरून बसणारा तलवारीचा घाव घसरून बाजूला जावा म्हणून. सुरुवातीची टोपी बरीच उंच होती. पुढे दर काही वर्षांनी ती बुटकी, हलकी होत गेली. कवी हाइनेने १८४४ साली आपल्या ‘जर्मनी : एक हिवाळी कथा’ या दीर्घकाव्यात तिची यथेच्छ टिंगल केली. एवढे टोकदार काही डोक्यावर घेऊन हिंडलात आणि वादळ झाले तर आकाशातली वीज तुमच्याच डोक्यावर उतरेल, अशा अर्थाचा टोमणा त्याने मारला आहे. टोपीला जेमतेम दोन वर्षे झाली होती! टिंगल झाली तरी टोपी साऱ्या जगात पसरली. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला लोळवले आणि मग जो तो विजेत्याची टोपी घालू लागला. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये आपल्या पायदळाला टोकाची टोपी दिली, अमेरिकनांनी १८८१ मध्ये. चिलीच्या लष्करी शाळेत आणि स्वीडनच्या राजवाड्यावरच्या पहाऱ्यात ती आजही समारंभाला बाहेर निघते. म्हणजे टोक हे काही एकट्या जर्मनांचे दुखणे नव्हते.

टोपी तयार कशी होत असे हे पाहण्यासारखे आहे. बैलाचे जाड कमावलेले कातडे ओले करून साच्यावर दाबायचे, वाळवायचे, मग काळ्या रोगणाचे थरावर थर द्यायचे. पुढची आणि मागची झडप शिवून जोडायची. टोकाच्या बुडाशी हवा खेळण्यासाठी बारीक भोके ठेवायची. आत शिपायासाठी चामड्याच्या पाकळ्या असत आणि त्या वरती नाडीने आवळलेल्या. डोके लहान-मोठे असेल तशी नाडी ओढायची किंवा सैल सोडायची. या पाकळ्यांवर घामाचे डाग असतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोणा एका माणसाच्या घामाचे.

आणि बाहेरून ही टोपी एखाद्या शिधापत्रिकेसारखी वाचता येते. जर्मनी १८७१ मध्ये एक झाला तरी आतले राजे-रजवाडे आपापला मान सोडायला तयार नव्हते. तो मान टोपीवर उमटला. पुढच्या बिल्ल्यावर गरुड असेल तर प्रशिया. दोन सिंह असतील तर बव्हेरिया. आठ कोनांची चांदणी असेल तर सॅक्सनी. सिंह आणि सांबर असतील तर वुर्टेम्बर्ग. हनुवटीचा पट्टा जिथे अडकतो तिथे दोन्ही बाजूंना रंगीत चकत्या. डावीकडची आपल्या राज्याची आणि १८९७ पासून उजवीकडची साऱ्या साम्राज्याची, काळी-पांढरी-लाल. टोकाऐवजी गोळा असेल तर बहुधा तोफखाना. हॅनोव्हर शहरातल्या ७४व्या रेजिमेंटच्या टोप्यांवर ‘वॉटर्लू’ ही अक्षरे असत, कारण १८१५ मध्ये हॅनोव्हरचे लोक इंग्रजांच्या बाजूने नेपोलियनशी लढले होते. त्याच शहरातल्या ७३व्या रेजिमेंटच्या बाहीवर ‘जिब्राल्टर’ लिहिलेले असे; तेही इंग्रजांच्याच बाजूने गाजवलेल्या लढाईचे. १९१४ मध्ये हीच माणसे इंग्रजांची मैत्री अंगाखांद्यावर मिरवत इंग्रजांवर चालून गेली.

गणवेशाचे त्या समाजावर केवढे गारूड होते याचा किस्सा जर्मन लोक अजून सांगतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये विल्हेल्म फॉइग्ट नावाच्या, तुरुंगातून सुटलेल्या एका चांभाराने जुन्या बाजारातून कॅप्टनचे कपडे विकत घेतले, अंगावर चढवले, रस्त्यावरून जाणाऱ्या शिपायांच्या तुकडीला ‘माझ्या मागे या’ म्हणून हुकूम दिला, बर्लिनजवळच्या कोपेनिकच्या नगरपालिकेत जाऊन नगराध्यक्षाला अटक केली आणि तिजोरीतले चार हजारांच्या आसपास मार्क घेऊन पसार झाला. कोणीही त्याला ओळखपत्र विचारले नाही. अवघे जग हसले, आणि कैसरने १९०८ मध्ये त्याची उरलेली शिक्षा माफ केली.

बाजारात आजही तेच चालते, कपडे पाहून मान. अधिकाऱ्याची टोपी त्याने स्वतःच्या पैशांनी शिंप्या-सोनारासारख्या खास दुकानातून करून घेतलेली असे. तिला सोन्याचा मुलामा, आत रेशमी अस्तर. तिची किंमत शिपायाच्या टोपीच्या कैक पट. आणि माथ्यावर आख्खा पंख पसरलेला गरुड असलेली, कैसरच्या खास अंगरक्षक घोडदळाच्या अधिकाऱ्याची टोपी घ्यायची तर तेवढ्यात चांगली मोटारगाडी येईल. माझ्याकडे यातले काही नाही. ऐपत नाही हे एक कारण, पण इच्छाही होत नाही. अधिकाऱ्याची टोपी बहुतेक वेळा संचलनासाठी आणि छायाचित्रासाठी. शिपायाची टोपी चिखलात पडलेली असते. तिच्या मागच्या झडपेच्या आत शिक्के मारलेले असतात: बनवणाऱ्याचे नाव, पुरवठा करणाऱ्या कोठाराची खूण, वर्ष, आणि नशीब असेल तर रेजिमेंटचा आकडा.

मी या छंदात शिकलो ते एवढेच, की बिल्ल्याआधी शिक्का पाहावा.

मराठीत ‘टोपी घालणे’ हा वाक्प्रचार कोणी आणला मला ठाऊक नाही, पण त्याला या बाजाराची चांगली माहिती असावी. इथे टोपी घालणारे पावलोपावली भेटतात. अग्निशामक दलाची टोपी सैन्याची म्हणून खपवली जाते. एका टोपीचे टोक, दुसरीचा बिल्ला, तिसरीचा पट्टा असे जुळवून ‘मूळ स्थितीतील’ नग तयार होतो. साध्या बिल्ल्याच्या जागी दुर्मीळ बिल्ला बसवला की भाव चढतो. मग बिल्ल्याची भोके आणि चामड्यातली भोके जुळत नाहीत म्हणून नवी पाडतात, जुनी बुजवतात. आणि आतला शिक्का या नव्या गोष्टीशी मेळ खात नसेल तर तोही खरवडून काढतात. असला खरवडलेला डाग पाहिला की मला खोट्या नोटेपेक्षा फाडलेल्या दफ्तराची आठवण होते.

सपशेल नकली टोप्यांची तऱ्हा वेगळी. चित्रपट, नाटके आणि हौशी मंडळींसाठी त्या नव्याने बनतात आणि त्यातल्या पुष्कळशा आपल्या उत्तर हिंदुस्थानातल्या कारखान्यांतून जातात. त्यामुळे युरोपातल्या संग्राहकांच्या तोंडी ‘इंडियन’ हा शब्द शिवीसारखा येतो. हॅनोव्हरच्या बाजारात एक विक्रेता शेजारच्या गिऱ्हाईकाला एक टोपी दाखवत ‘छे, ही तर इंडियन!’ असे म्हणाला आणि मग समोर मी उभा आहे हे पाहून कानापर्यंत लाल झाला. मी ती हातात घेऊन पाहिली. पितळेचे ठोककाम सुरेख होते. आमच्या कारागिराने ‘नवी टोपी’ म्हणूनच विकली होती. तिला चहाच्या पाण्यात बुडवून शंभर वर्षांची करणारा कोणी तिकडचाच होता. हे मी त्याला जर्मनमध्ये सांगितले, तेव्हा तो आणखी लाल झाला.

टोप्या भारतात आणल्यावर निराळेच शत्रू उभे राहिले. चामडे फार कोरडे झाले की आकसते आणि रोगणाला तडे जातात. पुण्याच्या पावसाळ्यात उलट दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते. टोपी नुसती ठेवली तर आपल्याच वजनाने बसते, म्हणून आत मऊ कागदाचा बोळा लागतो. आणि पितळ दिसले की आपल्याकडे हात शिवशिवतात. कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा चिंच आणि राख घेऊन कपाटाकडे मोर्चा वळवला होता. वेळीच अडवले म्हणून बरे. देव लख्ख दिसावेत हे ठीक, पण इथे काळवंडलेपण हाच पुरावा असतो.

माझी सर्वात आवडती टोपी पाचांतली सर्वात कुरूप आहे. ती चामड्याची नाहीच. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला, दक्षिण अमेरिकेतून येणारी कातडी बंद झाली, आणि लाखोंच्या सैन्याला टोप्या कुठून पुरवायच्या असा पेच पडला. मग नमद्याच्या, पत्र्याच्या, पुठ्ठ्यासारख्या दाबलेल्या तंतूंच्या टोप्या निघाल्या. पितळही तोफगोळ्यांना हवे होते, म्हणून १९१५च्या नमुन्यात बिल्ला साध्या राखाडी पोलादाचा झाला. टोक तर काढून खिशात ठेवण्याजोगे केले, कारण खंदकाच्या काठावरून ते आधी दिसे आणि त्याखालच्या डोक्याचा नेम धरता येई. माझी टोपी नमद्याची आहे. तिला कसर लागते, ती एका बाजूला कलली आहे, आणि एक साम्राज्य हळूहळू कसे दिवाळखोरीत जाते हे मला तिच्याइतके कोणत्याही पुस्तकाने समजावले नाही.

पण चामडे असो की नमदा, टोपी गोळ्यांच्या कपच्यांपुढे निरुपयोगीच होती. तलवारीच्या घावासाठी योजलेले टोक वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यापुढे काय करणार? डोक्याच्या जखमांनी डॉक्टर हैराण झाले. शेवटी शल्यविशारद आउगुस्ट बिअर आणि हॅनोव्हरच्या तांत्रिक विद्यालयातले फ्रीडरिश श्वेर्ड यांच्या खटपटीतून पोलादी शिरस्त्राण आले आणि १९१६ मध्ये वेर्दँच्या लढाईपासून आघाडीवर तेच दिसू लागले. म्हणजे पहिल्या महायुद्धाची खूण म्हणून जी टोपी आपण ओळखतो, ती निम्म्या युद्धातच मागे पडली होती.

चित्रांत मात्र ती शेवटपर्यंत राहिली. अमेरिकेत १९१७ मध्ये निघालेल्या एका प्रसिद्ध भित्तिपत्रकात एक लाळ गाळणारा गोरिला एका स्त्रीला उचलून अमेरिकेच्या किनाऱ्यावर येतो आहे, आणि त्याच्या डोक्यावर हीच टोपी. १९१८च्या दुसऱ्या एका पत्रकात जळत्या गावाच्या पार्श्वभूमीवर टोकाच्या टोपीची काळी आकृती एका लहान मुलीला ओढून नेते. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर कर्जरोख्यांच्या प्रचारासाठी या टोप्या रचून मनोरे उभे केले होते. हजारो टोप्या, एकावर एक. त्याचे छायाचित्र पाहताना प्रत्येक टोपीखाली एक डोके होते हे लक्षात यायला वेळ लागतो. (त्यातल्या बऱ्याच टोप्या कोठारातल्या कोऱ्याही असतील, पण चित्र पाहून तो विचार सुचत नाही.)

संग्राहकांच्या बैठकीत हे गोरिलाचे चित्र हमखास निघते. ‘बघा, केवढा खोटा प्रचार!’ म्हणून. आणि प्रचार खोटा होताच. बाळांचे हात तोडल्याच्या, संगिनीवर मुले नाचवल्याच्या बातम्या १९१४-१५ मध्ये इंग्रजी पत्रांत छापून आल्या. त्यांतल्या कितीतरी पुढे निराधार ठरल्या. त्यानंतर वीस वर्षे शहाणीसुरती माणसे ‘बेल्जियममध्ये काही झालेच नाही’ असे म्हणू लागली. इथेच घोळ होतो. गोरिला खोटा होता म्हणून दिनां खोटे ठरत नाही.

माझ्याकडची चौथी टोपी सॅक्सनीची आहे. पुढे चांदणी, चामडे चांगले, रोगणाला केसासारखे तडे. आत शिक्का आहे: १७८. विक्रेत्याने सांगितले होते, ‘१३वी सॅक्सन रेजिमेंट, कामेन्त्स गावची, उत्तम नग, एकही भाग बदललेला नाही.’ सगळे खरे होते. त्याने सांगितले नाही ते असे. बेल्जियममध्ये म्यूझ नदीच्या काठी दिनां नावाचे लहानसे गाव आहे, उंच कड्याखाली वसलेले. वस्ती तेव्हा सात हजारांच्या आसपास. २३ ऑगस्ट १९१४ रोजी सॅक्सनीच्या सैन्याने तिथे ६७४ नागरिकांना ठार केले. पुष्कळांना घरांतून बाहेर काढून, भिंतीशी उभे करून. गावाच्या लेफ या भागात जे घडले त्यात ही १७८वी रेजिमेंट होती. मृतांत बायका होत्या, म्हातारे होते. सर्वात लहान बळी तीन आठवड्यांचे बाळ होते. दोन दिवसांनी, दुसऱ्या तुकड्यांनी लुव्हाँ शहरातले विद्यापीठाचे ग्रंथालय पेटवले. लाखो पुस्तके गेली.

सैनिकांची समजूत अशी होती की गावकरीच खिडक्यांतून गोळ्या झाडताहेत. जॉन हॉर्न आणि ॲलन क्रेमर या दोन इतिहासकारांनी हजारो कागद तपासून २००१ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. नागरिकांचा कोणताही संघटित प्रतिकार नव्हता, साऱ्या सैन्याला भीतीने झपाटले होते, आणि १९१४च्या त्या काही आठवड्यांत बेल्जियम आणि फ्रान्समध्ये मिळून सुमारे ६,५०० नागरिक मारले गेले, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मन सरकारच्या प्रतिनिधीने दिनांत जाऊन क्षमा मागितली. ८७ वर्षांनी.

माझ्या टोपीचा धनी त्या दिवशी लेफमध्ये होता का? ते सांगता येणार नाही. टोपीवर माणसाचे नाव नाही, आणि एका टोपीचे दोन-तीन धनीही होत असत. पण ‘सांगता येणार नाही’ आणि ‘सांगण्याची गरज नाही’ यांत फरक आहे. एका सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘आपण चामड्याचा अभ्यास करतो, खटल्यांचा नाही.’ याच गृहस्थांना १८९५च्या पट्ट्याचा खिळा आणि १८९१चा खिळा अंधारात बोटांनी ओळखता येतो. खिळ्याचे साल ठाऊक, टोपी कुठल्या गावात शिरली ते मात्र ठाऊक करून घ्यायचे नाही! हे अज्ञान साधे नाही, ते मेहनतीने सांभाळलेले असते.

जर्मनीत हिटलरच्या राजवटीची चिन्हे जाहीरपणे मिरवायला कायद्याने बंदी आहे; कैसरच्या टोपीला तशी बंदी नाही. त्यामुळे तिच्याबद्दल कोणाला काही विचारावेसेच वाटत नाही. बंदी नाही म्हणजे गुन्हा नाही, असा सोयीचा हिशेब होतो. बंदी असावी असे मी मुळीच म्हणत नाही. बंदी घातली की वस्तू तळघरात जाते आणि तिथे तिची पूजा सुरू होते. ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयाच्या जुन्या देखण्या इमारतीत डॅनियल लिबेस्किंड या वास्तुकाराने पोलाद आणि काचेची एक पाचर घुसवली आहे. २०११ मध्ये ते नव्या रूपात उघडले. शस्त्रागाराच्या ऐटबाज दर्शनी भागाला चिरत जाणारी ती पाचर पाहून अनेक ड्रेस्डेनकर अजून नाके मुरडतात. मला ती आवडते. ड्रेस्डेन ही सॅक्सनीची राजधानी, म्हणजे माझ्या चौथ्या टोपीचे माहेर.

याचा अर्थ मी टोपीकडे पाहून रोज दात-ओठ खातो असा नव्हे. बेल्जियममध्येच व्लाड्स्लो येथे जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे, पंचवीस हजारांहून अधिक माणसांची. तिथे केटे कोलविट्झ या शिल्पकार बाईंनी घडवलेले एक आई-बाप गुडघ्यांवर बसलेले आहेत. बाईंचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये पडला, वय अठरा. त्याला परवानगी द्यायला वडील तयार नव्हते. आईने रदबदली केली होती. शिल्प पुरे व्हायला तिला १९३२ साल उजाडले. मी तिथे गेलो तेव्हा पाऊस होता आणि मी त्या बापाच्या मूर्तीकडेच जास्त वेळ पाहत राहिलो. हात स्वतःभोवती घट्ट आवळून तो बसला आहे. पेटर आणि लेफमधले शिपाई यांची टोपी एकच. हे दोन्ही एका कपाटात मावते, आणि मावले पाहिजे.

आपला या सगळ्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे. या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्र ओलांडून गेले. आपले मराठे मुख्यतः मेसोपोटेमियात लढले, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिले. तिथे समोर तुर्क होते. पण १९१४च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या खंदकांत जी हिंदी पथके उतरली त्यांत पूना हॉर्स हे घोडदळही होते. त्यांच्यासमोर ही टोकेच होती. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे हिंदी सैनिकांचे स्मारक १९२७ पासून उभे आहे, त्यावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धावर गेले इतके, पैकी प्राण दिले इतक्यांनी. नावे नाहीत, आकडे फक्त. काही ठिकाणी चुन्याचे हात बसून आकडाही दिसेनासा झाला आहे. कोणीतरी त्या पाट्या गावोगाव फिरून उतरवून घ्याव्यात, असे माझ्या मनात फार दिवस आहे. टोप्या जमवण्यापेक्षा ते काम निकडीचे आहे आणि त्याला पैसेही कमी लागतील.

सध्या मी एक करतो. प्रत्येक टोपीमागे एक फाइल ठेवली आहे. शिक्क्याचे छायाचित्र, रेजिमेंट कुठे-कुठे गेली याच्या तारखा, त्या तारखांना तिथे काय घडले. नमद्याच्या टोपीची फाइल दोन पानांची आहे. १७८ची सर्वात जाड आहे. तीत दिनांच्या ६७४ नावांची यादी आहे, वयांसह. वय झाले, मुलगी बंगळुरूला, तिला या कशातच रस नाही आणि तिचे चूक नाही, म्हणून टोप्या हळूहळू काढायच्या ठरवल्या आहेत. अट एवढीच की टोपीबरोबर फाइल जाईल. आतापर्यंत १७८ साठी तिघांनी विचारले. एक म्हणाला, टोपी पाठवा, कागदांची गरज नाही. दुसरा म्हणाला, कागद वगळलेत तर भाव वाढवून देतो. तिसरा लाइपझिगचा एक निवृत्त शिक्षक आहे. त्याने कागद आधी पाठवा म्हणून कळवले. गेल्या महिन्यात त्यांच्या प्रती रवाना केल्या. टोपी घेतो की नाही, हे त्याच्याकडून अजून यायचे आहे.